पट्ट्याखालून गेलेली चाकोरी

ईरा आणि कबीर,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू खरंच भूत पाहिलंस?" मी नाही म्हणाले आणि विषय बदलला. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. तुमच्या निखिलमामाने केलेलं ते रील मी नंतर चष्मा लावून दोनदा पाहिलं. त्यात काळोख आहे, घुबड आहे, आणि कुणाच्या तरी पायातले घुंगरू वाजताहेत. मुलांनो, जे घडलं ते मे महिन्यात, भर दुपारी घडलं. घुबड नव्हतं. घुंगरू तर नव्हतेच – आम्हाला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

तुम्ही डिसेंबरात येणार आणि आल्या आल्या त्या वाळूत जीप फिरवायला चला म्हणून मामाच्या मागे लागणार, हे मला इथे बसून दिसतंय. त्याआधी खरी हकीकत तुमच्या हातात असावी, म्हणून आत्ता लिहितेय. आणि हे पत्र मी या सदराकडेही पाठवतेय... कारण इथे असले अनुभव वाचणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांच्यातल्या एखाद्याला यातली माझी चूक सापडली, तर मला हवीच आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी श्रीरामपूरच्या कॉलेजात एकतीस वर्षं फिजिक्सचं प्रॅक्टिकल घेतलं. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगायचे – वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जे पाहिलं ते, उजवीकडे त्यावरून जे वाटतं ते. दोन्हींची सरमिसळ केली की मार्क गेले. एकदा मुलींच्या वसतिगृहात रात्री कुणीतरी रडतं म्हणून अर्ध्या मुली घरी निघून गेल्या होत्या. मी एक रात्र तिथे राहिले, गच्चीवरच्या टाकीचा पाइप शोधला आणि त्याला चिंधी बांधली. रडणं बंद. असली मी बाई. म्हणून खाली जे लिहिलंय ते शक्यतो डावीकडचंच आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, आणि मे उजाडेपर्यंत नाथसागराचा फुगवटा शेवगावच्या बाजूला फार मागे हटला होता. धरणाचं पाणी भरलं की जिथे समुद्रासारखं दिसतं, तिथे मैलोन् मैल उघडी जमीन. काही ठिकाणी काळा गाळ, आणि गोदावरीच्या जुन्या पात्राच्या कडेने वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या – दोन पुरुष उंचीच्या, खालून वर पाहिलं तर खरंच वाळवंटात आल्यासारखं वाटावं. नगरच्या पोरांनी (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जीभ अजून नगरच म्हणते) त्या जागेला 'मिनी राजस्थान' असं नाव ठेवलं होतं. रविवारी तिथे जीपा घेऊन जायचं, वाळूवर चढवायच्या, उतरवायच्या, अडकवायच्या आणि ओढून काढायच्या. निखिल, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, त्यांचा पुढारी. त्याचं नगरला गॅरेज आहे.

तुमच्या आजोबांची ती जुनी, कापडी छताची जीप तुम्ही लहानपणी पाहिलीय. कारखान्याच्या शेतकी खात्यात असताना ते त्याच जीपमधून ऊसतोडीच्या फडांवर हिंडायचे. त्यांच्या हृदयात एक स्टेंट आधीच बसवलेली होती. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली नव्हती, पण दगदग नको म्हणून बजावलं होतं. तुमच्या आईने, मृणालने, तिकडून फोनवर त्यांच्याकडून शपथ घेतली होती की आता गाडी गावाबाहेर नेणार नाही. पण निखिलने बोलावलं आणि आजोबा चार दिवस लहान मुलासारखे अस्वस्थ. शेवटी म्हणाले, "एकदाच. मग जीप निखिलला देऊन टाकतो."

मी म्हटलं, "मग मीही येणार. आणि मृणालला आपण सांगणार नाही."

हे लिहिताना मला आजही लाज वाटते. ती शपथ मी मोडू दिली. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा. त्या दिवशी तुमचे आजोबा धडपणे घरी येणं ही माझी जबाबदारी होती.

सकाळी घरून निघालो, नेवाशावरून दहाच्या सुमाराला पोचलो. दोनच गाड्या होत्या – निखिलची नवी, उंच टायरांची, आणि आमची. निखिलने आधी सगळ्या टायरांतली हवा निम्म्याहून कमी केली. फुस्स आवाज होत होता आणि मला वाटलं, आता परत कसं जाणार.

"काकू, वाळूत टायर पसरट लागतो," तो म्हणाला. "उंटाचा पाय पाहिलाय ना? तसा."

"उंटाला कुणी पंक्चर करत नाही," आजोबा म्हणाले.

"काका, तुम्ही आज फक्त माझ्या मागे यायचं. मी चढलो की चढायचं. मध्येच थांबायचं नाही. आणि चढावर गिअर बदललात तर मी काकूला खाली उतरवून तुम्हाला ढकलायला लावीन."

"मी जीप शिकलो तेव्हा तुझा बाप चड्डी उलटी घालायचा."

असं सगळं चाललं होतं. दोन तास आजोबा इतके आनंदात होते की मी टोपीआडून नुसती बघत बसले. वाळूच्या टेकडीवर जीप चढताना समोर फक्त आकाश दिसतं, मग एकदम नाक खाली जातं. मी दोनदा ओरडले. आजोबा हसून हसून लाल झाले.

एकच्या सुमाराला निखिलला पुढची सपाट जागा दिसली. वरून पांढरट, कोरडी, भेगाळलेली. वाळूवरून त्या सपाटीवर उतरून वेगात वळण घ्यायचं असं त्याने ठरवलं. आजोबांनी हॉर्न वाजवून त्याला थांबवायचा प्रयत्न केला, कारण त्यांनी तो रंग ओळखला होता – वाळू नव्हे, गाळाची खपली. वर पापड, खाली लापशी. पण निखिल उतरला होता. पंधरा-वीस फूट गेला आणि मागची दोन्ही चाकं बसली. त्याने चाकं फिरवली तशी काळी, ओली चिखलराड मागे फेकली गेली आणि वाळूच्या कडेवर पसरली. त्या चिखलाकडे लक्ष असू द्या, पुढे तो लागणार आहे.

आता अशी गाडी ओढून काढायची एक रीत असते. आजोबांनी आमची जीप वाळूच्या कडेवर, जिथे जमीन घट्ट होती तिथे, पाठमोरी उभी केली. निखिलने एक रुंद पट्टा काढला, नायलॉनचा, तीस फुटी. एक टोक त्याच्या गाडीच्या मागच्या हुकात, दुसरं आमच्या. जीप थोडी पुढे घेऊन पट्टा ताणला. जमिनीपासून माझ्या गुडघ्याइतका वर, सुतासारखा सरळ. आणि मग निखिल म्हणाला, "काकू, एखादी जाड चादर आहे का? पट्ट्यावर टाकायची. पट्टा तुटला तर साप उसळावा तसा उसळतो, काच फोडून डोक्यात बसतो. चादर असली की तिच्या वजनाने खाली पडतो."

मी सीटवर अंथरलेली चादर घेतली, चौपदरी घडी घातली आणि पट्ट्याच्या मधोमध स्वतःच्या हातांनी टाकली. दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी, आणि उडू नये म्हणून पट्ट्याखाली दोन सेफ्टी पिना लावल्या. मला वाकडं टाकलेलं आवडत नाही हे तुम्हाला माहीत आहेच.

तेवढ्यात वारा पडला. अगदी पूर्ण. आजोबा म्हणाले, "अगं, आत बस," आणि मी वळून पाहिलं तर पाण्याच्या बाजूने एक तांबडी भिंत येत होती.

धुळीचं वादळ वीस मिनिटं होतं. वीस, कारण मी घड्याळ पाहिलं होतं. आम्ही आमच्या जीपमध्ये, कापडाचे पडदे आतून घट्ट धरून. निखिल त्याच्या गाडीत, काचा बंद करून. वाळू कापडावर इतकी आपटत होती की एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. त्या वेळात आजोबांनी छातीवर हात ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर चेहरा राखेसारखा आणि कपाळावर घाम. पर्समधून जिभेखालची गोळी काढली, त्यांना दिली. काही मिनिटांनी त्यांनी मान हलवली – बरं वाटतंय. पण त्यांचा हात छातीवरून खाली आला नाही.

वारा थांबला तसे आम्ही पडदा वर केला.

सगळं पुसलं गेलं होतं. सकाळपासून आम्ही वाळूभर केलेले टायरांचे ठसे, आमची पावलं, काही नाही. इस्त्री केलेल्या कापडासारखी वाळू. धूळ अजून हवेत होती, सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं, आलो त्या बाजूची टेकडी कुठली हेही कळेना. निखिल त्याच्या गाडीतून उतरून आमच्याकडे चालत आला. अर्ध्या वाटेत थांबला. खाली बघत राहिला. मग म्हणाला,

"काका... इथून गाडी कधी गेली?"

आमच्या दोन गाड्यांच्या मधून, ताज्या वाळूत, बैलगाडीची चाकोरी गेली होती.

दोन समांतर रेघा. मध्ये बैलांच्या खुरांचे ठसे, दोन जोड्या, एकाआड एक. डावीकडच्या बैलाचा मागचा एक पाय घासत जात असावा, कारण त्या खुरापुढे दर वेळी एक छोटी रेघ उमटली होती. आणि ही चाकोरी पट्ट्याला आडवी होती. म्हणजे तो ताणलेला पट्टा जिथे होता, बरोबर त्याच्या खालून अलीकडून पलीकडे. न अडखळता, न वळता.

पट्टा दोन्ही हुकांत होता. मी जाऊन हात लावला. ताण तसाच. माझी चादर मधोमध होती, दोन्ही बाजूंना सारखी. तिच्यावर धुळीचा पातळ थर बसला होता – अखंड. कुठे हात लागल्याची, उचलल्याची, घासल्याची खूण नव्हती. गुडघ्याइतक्या उंचीवर ताणलेल्या पट्ट्यातून बैलगाडी जाते कशी? चाकच माझ्या खांद्याइतकं असतं.

खोटं कशाला सांगू. मी जीपच्या चाकाला टेकून खाली बसले. निखिल, एवढा सहा फुटी मुलगा, पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे नुसता बघत होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, "मी इथेच होतो ना काकू. मी इथेच होतो."

आजोबा जीपमधूनच वाकून बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "अगं, रुंदी बघ. टायरची नाही ती. धावेची आहे."

हे तुम्हाला समजावून सांगते. आता ज्या बैलगाड्या दिसतात, ऊस वाहणाऱ्या, त्यांना रबरी टायर असतात. पूर्वीच्या लाकडी चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी चढवलेली असायची, तिला धाव म्हणतात. तिची चाकोरी अरुंद आणि खोल, सुरीने कापल्यासारखी. आजोबांनी सगळी नोकरी बैलगाड्यांच्या रांगा बघण्यात काढली. त्यांना धाव आणि टायर यांतला फरक सांगायला चष्मा लागत नाही.

मी का उठले ते मला आजही सांगता येत नाही. सवय. पर्समध्ये ब्लाउजच्या मापाची टेप होती. मी एका चाकोरीची रुंदी मोजली – पावणेदोन इंच. दोन चाकोऱ्यांमधलं अंतर – चार फूट दहा इंच. वहीत लिहिलं. निखिलने फोटो काढायला फोन घेतला तर बंद गाडीत तापून बंद पडला होता. आजोबांचा साधा फोन, त्याला रेंज नाही.

माप घेताना मला दोन गोष्टी दिसल्या. एक – निखिलच्या चाकांनी मागे उडवलेला तो काळा चिखल वाऱ्याने हलला नव्हता, जड होता. तो वाळूवर तसाच चिकटून सुकत होता. आणि चाकोरीने तो चिरला होता. मधोमध. म्हणजे ती गाडी निखिल अडकल्यानंतर गेली होती. आम्ही तिथे असताना.

दुसरी – एका खुराच्या ठशात लोखंडाचा तुकडा पडला होता. अर्धचंद्रासारखा, माझ्या करंगळीएवढा लांब. बैलाच्या खुराला मारतात ती पत्री. उचलली तर चटका बसला. पण मे महिन्यात दुपारी तिथे काहीही उचललं तरी चटकाच बसला असता. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

तोवर आजोबांना पुन्हा कळ आली. या वेळी त्यांनी माझा दंड धरला.

निखिल म्हणाला, "काकू, माझी गाडी राहू दे. तुमची घेऊन निघू. ती झाडांची रांग दिसतेय ना, तिकडेच रस्ता. सरळ जाऊ." धुळीतून डावीकडे खरंच झाडांसारखी रेघ दिसत होती. लांब नव्हती.

"चाकोरीवरून घे," आजोबा म्हणाले.

"काका, ती उजवीकडे जातेय. ती पाण्याकडे जातेय!"

"गाडीवान पाण्याकडे कशाला जाईल? बैलगाडीवाला मऊ जमिनीत कधी घालत नाही. चाकोरी रस्त्यालाच लागते."

"काका, कोण गाडीवान? कुठेय गाडीवान?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मुलांनो, आयुष्यात एवढी घाबरले नव्हते मी. चुकलो आणि दुसरी जीपही बसली तर त्या उन्हात, त्या माणसाला घेऊन, आम्ही काय करणार होतो? मी वाळूत पडलेला एक मोठा गोटा उचलला आणि निखिलला म्हटलं, "झाडांच्या दिशेने टाक. लांब." त्याने टाकला. गोटा पांढऱ्या खपलीवर पडला... आणि आवाज न करता आत गेला. जिथे पडला तिथे त्याच्याएवढंच काळं भोक राहिलं.

"चाकोरीवरून," मी म्हटलं.

पट्टा सोडला. निखिलने चाक हातात घेतलं, आजोबा मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून. चाकोरी थोडी उजवीकडे, मग एका मोठ्या वळणाने मागे फिरली. एका जागी समोर छान सपाट मैदान दिसत होतं, तरी तिने त्याला वळसा घातला होता. निखिलने एकही फूट इकडे तिकडे केलं नाही. गाडीखाली जमीन कडक लागत होती, दगडासारखी. तो दातावर दात आवळून एवढंच म्हणत होता, "खाली काहीतरी आहे काकू, खाली मुरूम आहे." दोन ठिकाणी घडवलेले दगड वाळूतून डोकावत होते, घराच्या पायाचे असावेत. मी मागे वळून पाहिलं नाही. कुणी मागे असेल असं नाही वाटलं मला. पुढे कुणी असेल असं वाटत होतं, आणि पुढे तर आम्ही तिघंही बघतच होतो. रिकामं होतं.

साधारण दहा मिनिटांनी चढ लागला, आणि चढावर पाण्याच्या मोटारीच्या पाइपांपाशी दोन शेतकरी बसले होते. चाकोरी चढाच्या खडकाळ जमिनीवर आली आणि संपली. दगडावर चाकोरी उमटत नाही, एवढंच त्याचं कारण.

एक जण उठून उभाच राहिला. "ओ आजी, तुमी हिकडून कुटून आले? तिकडं समदा गाळ हाय! आमची म्हस गेली मागल्या हप्त्यात."

निखिलने विचारलं, "आत्ता एक बैलगाडी वर आली का? आमच्या पुढे?"

"बैलगाडी? न्हाई बा. आमी सकाळधरनं हितंच हाय. वावटळीत बी ह्या पाइपाखालीच पडलेलो."

ते दोघं आमच्याबरोबर जीपमध्ये बसले आणि त्यांनी जवळच्या वाटेने आम्हाला शेवगावच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्याच संध्याकाळी नगरला. डॉक्टरांनी आजोबांना दुसरी स्टेंट बसवली आणि नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी असती. मी मान हलवली. पर्स मी तेव्हाही पोटाशी घट्ट धरली होती.

आता उजवीकडचं.

पहिलं अनुमान – वाऱ्याने वरची वाळू उडाली आणि जुन्या गाडीरस्त्याची जुनी, घट्ट झालेली चाकोरी उघडी पडली. हे माझं आवडतं अनुमान होतं. पण तिच्या कडा मऊ होत्या, माझ्या बोटाने ढासळत होत्या. आणि चिखल चिरलेला होता. तो चिखल त्या दिवशीचा होता.

दुसरं – वादळात खरोखर एखादी गाडी गेली आणि आम्हाला दिसली नाही. मग पट्ट्याखालून कशी गेली? आणि चढावर कुठे गेली?

तिसरं – आम्ही तिघंही घाबरलेलो होतो आणि आम्हाला भास झाला. भासाचं माप चार फूट दहा इंच निघत नाही.

आठवड्याने निखिलची गाडी ट्रॅक्टर लावून काढायची होती तेव्हा मीही गेले. चाकोरी वाऱ्याने पुसलेली. मग आम्ही वर, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाच्या पुनर्वसन वस्तीत गेलो. तिथे सोनाबाई नावाच्या ऐंशीच्या पुढच्या बाई ओट्यावर कलिंगडाच्या बिया वाळवत बसल्या होत्या. मी चाकोरीची वाट कशी कशी वळत गेली ते वहीतून वाचून दाखवलं.

"त्यो आमचा गाडीरस्ता हाय," त्या लगेच म्हणाल्या. "वेशीपासनं शेवगावच्या बाजाराला. आडाला वळसा घालून जायचा. मुरूम आमीच टाकलेला, श्रमदानानं."

"आता इथे कुणाकडे लोखंडी धावेची गाडी आहे?"

"आता? धाव चढवणारा तरी कोन ऱ्हायलाय बाई? समद्यांकडं ट्रॅक्टर हायेत. येक टायरगाडी हाय सदाशिवची, ती बी मोडलेली."

निखिलने न राहवून विचारलं, "आजी, तुमच्या गावातल्या कुणी आम्हाला वाट दाखवली असेल का? म्हणजे... आता नसलेल्या?"

सोनाबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मेलेली मानसं कशाला वाट दाखवतील रं? आमी गाव सोडलं तवा जित्या मानसांनी सुदिक दाखवली न्हाई." आणि पुन्हा बिया पसरायला लागल्या. त्यांना यात काही नवल वाटलं नाही, का वाटलं आणि बोलायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही.

शेवटी ती पत्री. शेवगावच्या बाजारात एक म्हातारे नालबंद बसतात, रहीमचाचा. बैलांना पत्र्या मारणारे आता तेवढेच एक उरलेत म्हणे. मी रुमाल उघडला. त्यांनी पत्री हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याने घासलेली बाजू चाचपली. बराच वेळ.

"बाई, ही मागच्या डाव्या पायाची हाय," ते म्हणाले. "बैल पाय घासत हुता. बगा, टोक कसं झिजलंय."

मी त्यांना बैलाच्या पायाबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. पण झीज पाहून कुणीही कारागीर ते सांगेल, हे मी मान्य करते.

"जुनी आहे का?"

"घडन जुनी हाय. अशी चार भोकांची हातानं ठोकलेली माजा बाप करायचा. मी बी सोडली करायची. आता तयार येती."

"म्हणजे जुनी."

"न्हाई ना." त्यांनी ती माझ्यासमोर धरली. जमिनीकडची बाजू नव्या चमच्यासारखी चकाकत होती. "पडून ऱ्हायलेल्या लोखंडाला गंज चढतो. ही चालत्या बैलाची हाय. हप्ताभरापूर्वीपर्यंत चालत हुती ही." मग त्यांनी मला विचारलं, "बैल कुनाचा हाय? त्याला आना माझ्याकडं. दुसरी मारून देतो. असा चालवू नगा त्याला."

मी पत्री परत रुमालात बांधली आणि बाहेर उन्हात उभी राहिले.

ते सगळं होऊन आता दोन वर्षं झाली. मी या प्रश्नाला अजून एकही उत्तर लिहू शकलेले नाही. उजवीकडे तीन अनुमानं आहेत, तिन्ही खोडलेली. भूत होतं असंही मी लिहिणार नाही, कारण मी भूत पाहिलेलं नाही. मी एक चाकोरी पाहिली, जिथे ती असू शकत नव्हती तिथे, आणि तिच्यावरून आम्ही घरी आलो.

तुम्ही आलात की मी तुम्हाला तिथे नेणार नाही. शेवगावला नेईन, सोनाबाई असल्या तर त्यांच्याकडे नेईन. वही दाखवीन, हवं तर टेप घेऊन पुन्हा हिशोब करा. आणि तुमच्या आईला हे पत्र आधी वाचू द्या. तिची माफी मला समोरासमोर मागायची आहे.

पत्री माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. आता तिला चोहोबाजूंनी गंज चढलाय, साध्या लोखंडाला चढतो तसाच. आजोबा बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसले आहेत.